फेकून दिलं म्हणून महाग झालं: जुन्या बेसबॉल कार्डांची गोष्ट

लोकलमध्ये उभे असाल किंवा भांडी घासत असाल, कानात हेडफोन घाला. आजचा विषय आहे जुनी बेसबॉल कार्डं.

मी न्यू जर्सीत कोडिंग करतो. बेसबॉल मला अजून अर्धाच कळतो. पण एका सहकाऱ्याच्या टेबलावर 1950च्या दशकातलं एक कार्ड पाहिलं आणि नाद लागला. आता रात्री जेवणं आवरली की अर्धा तास हेच.

पहिल्याच महिन्यात माती खाल्ली. 1990च्या सीलबंद पाकिटांचा अख्खा बॉक्स घेतला. तीस वर्षं जुना माल, म्हणजे किमती असणारच, असं माझं गणित. साफ चुकलं! 1980च्या दशकाच्या शेवटी कंपन्यांनी कार्डं वारेमाप छापली, आणि पुढे भाव येईल म्हणून लोकांनी ती जपूनही ठेवली. कलेक्टर या काळाला ‘जंक वॅक्स’ म्हणतात. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद.

म्हणजे नुसतं वय उपयोगाचं नाही. किती उरलीत, ते बघायचं.

1952 साली टॉप्स कंपनीने 407 कार्डांचा सेट काढला. पाकिटात च्युइंगम मिळायचं. 311 ते 407 नंबरची शेवटची मालिका सीझन संपत आल्यावर बाजारात आली, खपलीच नाही. तो सेट बनवणारे साय बर्गर सांगायचे, की 1960 मध्ये उरलेली खोकी बार्जवर चढवून अटलांटिक समुद्रात टाकून दिली! त्याच मालिकेतलं 311 नंबरचं मिकी मँटलचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं.

आपल्या खिशाचं काय? भाडं आहे, घरी पैसे पाठवायचे आहेत. म्हणून माझे नियम साधे. महिन्याला 40 डॉलर, वर एक सेंट नाही. स्टारच्या मागे लागायचं नाही. साध्या खेळाडूंची कार्डं घ्यायची, त्यांना ‘कॉमन्स’ म्हणतात. कोपरे झिजलेलं, सुरकुती पडलेलं 1950च्या दशकातलं कॉमन कार्ड एका जेवणाच्या पैशात मिळतं. ग्रेडिंग कंपन्या 1 ते 10 गुण देतात. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे का, हे पाहून. आपल्याला 2 गुणांचं पण चालतं.

नक्कल ओळखायला भिंग ठेवा. अस्सल कार्डावर चित्रात ठिपके दिसतात, पण काळी अक्षरं सलग शाईची असतात. बऱ्याच नकलांमध्ये अक्षरंसुद्धा ठिपक्यांची निघतात. आणि कार्ड आधी मऊ प्लास्टिकच्या पाकिटात, मग कडक कव्हरमध्ये. रबरबँड अजिबात नको.

अमेरिकेत अनेकांची एकच तक्रार असते: “आईने माझी कार्डं फेकून दिली.” माझंही तेच. मी हॉस्टेलला गेलो आणि आईने माळा आवरताना माझी डब्ल्यूडब्ल्यूईची कार्डं रद्दीत घातली. परवा फोनवर तिला समुद्राची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “मग बाकीच्यांच्या कार्डांचा भाव मीच वाढवला की!”

आईचं गणित बरोबर आहे. तुमच्या माळ्यावर काय आहे ते बघून मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!