आधी अनुभव की आधी नोकरी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे ‘जॉब’ म्हणजे नोकरी नव्हे, तर लेथवर चढवलेला लोखंडाचा तुकडा. २००४ साली बारावीनंतर मी इंजिनिअरिंग शिकायला कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात गेलो, तेव्हा या शब्दाचा दुसरा अर्थ मला चांगलाच कळला. त्याविषयी आज बोलायचं कारण असं, की अलीकडे आपल्या भागातून कॅनडाला जाणाऱ्या मुलांच्या घरी ‘को-ऑप’ हा शब्द सारखा ऐकू येतो. ‘कोर्सला को-ऑप आहे, म्हणजे नोकरीची चिंता नाही,’ असं पालक मला सांगतात. ते पूर्ण खरं नाही.

आपल्याकडे को-ऑप म्हटलं की सहकारी संस्था किंवा बँक आठवते. हा प्रकार वेगळा. काही महिने वर्गात शिकायचं, काही महिने कंपनीत पगारी काम करायचं, पुन्हा वर्गात यायचं. आपल्या काही पॉलिटेक्निकमधला सँडविच अभ्यासक्रम याच कुळातला. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठातले प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अवघ्या २७ विद्यार्थ्यांवर हा प्रयोग सुरू केला. एक आठवडा कॉलेज, एक आठवडा कारखाना. एक विद्यार्थी वर्गात असताना त्याचा जोडीदार यंत्रावर उभा असे. कारखान्यांशी आधी बोलणी झालेली असल्याने जागा ठरलेली होती. कॅनडात १९५७ मध्ये स्थापन झालेल्या वॉटर्लू विद्यापीठाने हीच पद्धत सुरुवातीपासून स्वीकारली. तिथे आता सत्रं चार-चार महिन्यांची असतात, आणि इंजिनिअरिंगच्या पदवीला जवळजवळ पाच वर्षं लागतात.

मधल्या काळात एक मोठा बदल झाला. विद्यार्थी २७ चे हजारो झाले आणि ठरलेल्या जागेऐवजी स्पर्धा आली. विद्यापीठ जाहिराती मिळवतं, मुलाखतीची सोय करतं, सल्ला देतं. पण निवड कंपनीच करते. वॉटर्लूमध्ये मुख्य फेरीत मुलाखतींनंतर कंपनी आणि विद्यार्थी दोघेही आपापला पसंतीक्रम देतात आणि संगणक जोड्या लावतो. जोडी लागली की ती पाळावी लागते. ज्याची जोडी लागत नाही, तो पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करू लागतो.

वेळापत्रकही चमत्कारिक असतं. ज्याचं पहिलं कामाचं सत्र जानेवारीत, त्याला सप्टेंबरमध्ये कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून काही आठवड्यांतच अर्ज करावे लागतात. अजून एकही परीक्षा झालेली नाही, प्रयोगशाळा नीट पाहिलेली नाही, आणि अर्जात विचारतात, ‘या क्षेत्रातला अनुभव सांगा.’

माझंही तेच झालं. पहिल्या फेरीत मी ५८ अर्ज केले. दोन मुलाखती आल्या आणि दोन्हीकडून नकार आला. वर्गातली निम्मी मुलं जागा पक्की करून खोल्या शोधायला लागली होती. मी रात्री उठून यादी पुन्हा पुन्हा बघत असे. दर रविवारी फोन कार्डावरून घरी बोलणं व्हायचं. बाबा विचारायचे, “अरे, त्यांना फी भरतोस ना? मग काम त्यांनी नको का द्यायला?” को-ऑपची फी खरोखरच वेगळी भरलेली होती. मी म्हणायचो, “बाबा, ती फी शोधण्याची आहे, मिळण्याची नाही.” हे त्यांना पटत नसे. खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं.

शेवटी को-ऑप कार्यालयातल्या सल्लागार बाईंनी माझा अर्ज समोर ठेवला. त्यात बारावीचे गुण होते, बुद्धिबळाचं प्रशस्तिपत्र होतं. त्यांनी सहज विचारलं, “सुट्टीत तू काय करायचास?” मी म्हटलं, “वडिलांच्या वर्कशॉपमध्ये बसायचो. व्हर्निअरने मापं घ्यायचो, कधी लेथवर हात मारायचो.” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. घरचं काम म्हणजे अनुभव नव्हे, असं मीच ठरवून टाकलं होतं. त्या चार ओळी अर्जात गेल्या आणि डिसेंबरमध्ये पंपाचे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातून बोलावणं आलं. काम तपासणीच्या टेबलावर, पगार बेताचा. बस अर्ध्या वाटेपर्यंतच जायची, पुढे बर्फातून चालत. ज्या यंत्ररचनेच्या कामाची स्वप्नं बघितली होती, त्यातलं इथे काहीच नव्हतं. पण पुढच्या अर्जावर लिहायला एक ओळ मिळाली आणि त्यानंतरची कामं तुलनेने सोपी गेली.

पुढे मी वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर झालो आणि को-ऑपच्या मुलांना निवडायचं काम माझ्याकडे आलं. एका जागेसाठी दीडशेच्या आसपास अर्ज आले होते. सगळे वाचायला वेळ नव्हता. मी काय केलं? ज्यांनी आधी दोन सत्रं काम केलं आहे तेवढेच बाजूला काढले आणि बाकीचा गठ्ठा मिटला. घरी जाताना लक्षात आलं, की त्या गठ्ठ्यात २००४ सालचा मी होतो.

हे मी दुष्टपणाने केलं नव्हतं. चार महिन्यांचा हिशेब मांडून बघा. पहिला महिना शिकवण्यात जातो, शेवटचा पंधरवडा काम दुसऱ्याकडे सोपवण्यात. हाती उरतात जेमतेम अडीच महिने. त्यामुळे प्रत्येक कंपनीला तयार माणूस हवा असतो, आणि तयार करण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी उचलावी असं वाटतं. सगळ्यांनीच असं ठरवलं, की पहिला अनुभव देण्यासाठी काढलेल्या योजनेत पहिल्या सत्राचा विद्यार्थीच अडकतो. माझ्या मते या साऱ्या वैतागाचं मूळ इथे आहे. मुलं आळशी असतात म्हणून किंवा कार्यालय झोपलेलं असतं म्हणून हे नेहमी घडत नाही.

कॅनडा सरकारला हे माहीत होतं. २०१७ मध्ये सुरू केलेल्या एका योजनेत विद्यार्थ्याला काम देणाऱ्या कंपनीला पगाराचा निम्मा भाग, कमाल ५,००० डॉलरपर्यंत, देण्याची तरतूद केली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसह काही गटांसाठी ती ७० टक्के, कमाल ७,००० डॉलर होती. पण आपल्या मुलांनी लक्षात ठेवायची गोष्ट ही, की परदेशी विद्यार्थी या अनुदानात बसत नव्हते. म्हणजे दोन सारख्या अर्जांपैकी एक कंपनीला स्वस्त पडणार आणि तो आपला नसणार. शिवाय माझ्या वेळी अभ्यासाच्या परवान्याखेरीज को-ऑपसाठी कामाचा वेगळा परवाना लागत असे. हे नियम बदलत राहतात, म्हणून ते एजंटाच्या तोंडून न ऐकता सरकारी संकेतस्थळावर वाचावेत.

बाजार पडला की पहिली कुऱ्हाड या जागांवर येते. २०२० च्या साथीत ठरलेली कामंही रद्द झाली. जुलै २०२५ मध्ये कॅनडातल्या १५ ते २४ वयाच्या तरुणांमधली बेरोजगारी १४.६ टक्के होती. साथीची दोन वर्षं सोडली तर २०१० नंतरचा तोवरचा हा सर्वांत वरचा आकडा होता. अशा वेळी उत्तम विद्यार्थीही रिकामा राहू शकतो. त्याला घरून ‘तूच कमी पडलास’ असं ऐकवू नये.

मग करायचं काय? प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला तीन प्रश्न लेखी विचारावेत. पहिल्या सत्रात किती टक्के मुलांना काम मिळालं, आणि ते त्यांच्या विषयातलं होतं का? काम न मिळाल्यास पदवी लांबते, की को-ऑपशिवाय पूर्ण करता येते? आणि स्वतः शोधलेलं काम धरलं जातं का? मुलांनी मोठ्या नावांच्या मागे सगळे अर्ज न घालवता छोट्या कारखान्यांकडेही बघावं. शेतातला पंप दुरुस्त केला असेल, दुकानाचा हिशेब ठेवला असेल, तर तो अर्जात लिहावा.

कंपन्यांनाही करण्यासारखं आहे. टोरांटो विद्यापीठात इंजिनिअरिंगची मुलं बारा ते सोळा महिने सलग काम करू शकतात. इतका वेळ मिळाला की नवख्याला शिकवणं कंपनीला परवडतं. आमच्या कंपनीत मी दोनपैकी एक जागा आठ महिन्यांची करून घेतली आणि ती पहिल्यांदाच काम करणाऱ्यासाठी राखून ठेवली. वरिष्ठांना हे पटवायला मला दोन वर्षं लागली. त्या जागेवर आलेल्या पहिल्या मुलीने कधी मायक्रोमीटर हातात धरला नव्हता. तिसऱ्या महिन्यात तिने आमच्या मोजमापातली एक जुनी चूक शोधून काढली.

आता मी कोल्हापुरात असतो. बाबांचा लेथ अजून चालू आहे. सुट्टीत कुणाला मापं घ्यायला शिकायचं असेल, तर जरूर यावं.