वार्धक्य आणि अन्न – लेखांक सहावा : जिन्याखालची भाजी

गेल्या लेखांकात आपण वृद्धांच्या वाट्याला येणाऱ्या धान्याचा विचार केला. 1 एप्रिल 2000 पासून अमलात आलेल्या केंद्र सरकारच्या अन्नपूर्णा योजनेत, वयाची 65 वर्षे पूर्ण झालेल्या आणि वार्धक्यवेतनास पात्र असूनही ते पदरात न पडलेल्या निराधार व्यक्तीस दरमहा 10 किलो धान्य विनामूल्य देण्याची तरतूद झाली, हे वाचकांना स्मरत असेल. धान्याचा कारभार सरकारी रीतीला मानवतो. धान्य कोठारात राहते, पोत्यात मावते, आणि रेशन दुकानदाराने आठवडाभर दिरंगाई केली तरी गव्हाचे फारसे बिघडत नाही. पालकाच्या जुडीपाशी एवढा धीर नाही. सकाळी दहिवराने ओली असलेली ती जुडी दुपारपर्यंत मान टाकते. म्हणूनच की काय, ज्या यंत्रणेने म्हाताऱ्यांच्या भाकरीची थोडीबहुत काळजी वाहिली, तिने भाकरीबरोबरच्या कोरड्यासाचा प्रश्न ज्याचा त्याच्यावर सोडला.

माझी एक मावशी पुण्यातल्या जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहत असे. भाजीवालीची हाक बोळाच्या तोंडाशी ऐकू आली, की ती गॅलरीच्या कठड्यावरून दोरीला बांधलेली वेताची टोपली खाली सोडी. टोपलीत सुटे पैसे असत, आणि घासाघीस वरून खाली व खालून वर अशी साऱ्या वाड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने चाले. "मावशी, आज मेथी न्या, कोवळी आहे," असे म्हणून ती बाई अर्धी जुडी सोडून देई, कारण वर एकच माणूस जेवणारे आहे हे तिला ठाऊक होते. पुढे वाडा पडला आणि तेथे लिफ्टची इमारत उभी राहिली. फाटकावरचा रखवालदार फेरीवाल्यांना आत सोडीना. मंडई दोन बसथांब्यांवर. तेथवर मावशी एकदा गेली, फ्लॉवरचा आख्खा गड्डा घेऊन आली, चार दिवस तोच खाल्ला आणि पाचव्या दिवशी उरलेला टाकून दिला. त्यानंतर तिच्या घरी कांदा, बटाटा आणि डाळ यांचेच राज्य सुरू झाले. तिला पेन्शन होते. पैशाची अडचण तिला कधीच नव्हती.

ही गोष्ट ध्यानात ठेवून अमेरिकेतील एका योजनेकडे पाहणे उद्बोधक ठरते. वृद्धांना शेतकरी बाजारातून ताजी भाजी घेता यावी, यासाठी तेथील केंद्रीय कृषिखात्याने 2001 साली एक प्रयोग सुरू केला, आणि 2002 च्या कृषिकायद्याने त्याला स्थैर्य दिले. वय 60 वर्षे पुरे झालेले आणि उत्पन्न सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या 185 टक्क्यांच्या आत असलेले, अशांना हंगामाच्या आरंभी कुपने मिळतात. कुपनांचा मोबदला ताजी फळे, भाज्या, स्वयंपाकात लागणारा हिरवा पाला आणि 2008 पासून मध, एवढ्यापुरताच मिळतो. सुका मेवा वा मुरंबा त्यात बसत नाही. शेतकरी ती कुपने वटवून आपले पैसे वसूल करतो, म्हणजे एकाच खर्चात म्हातारा आणि लहान शेतकरी अशा दोघांची सोय होते. रक्कम मात्र अल्प. नियमावलीत ती दीर्घकाळ माणशी वर्षाला किमान 20 आणि कमाल 50 डॉलर अशी होती, आणि तेवढ्यावर एका माणसाची हंगामभराची भाजी निघेल असे म्हणणे धाडसाचे होईल. आपल्याकडे तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या वृद्धांची आठवण होऊन मला त्या योजनेतील एका सवलतीचा हेवा वाटतो: ज्याला चालवत नाही, त्याने नेमलेला माणूस त्याच्या वतीने कुपने घेऊ आणि वापरू शकतो.

तरीही कुपन हातात आले म्हणून गुडघे बरे होत नाहीत. हे ज्यांनी आरंभीच ओळखले त्यांत सिॲटलची मंडळी होती. तेथे 2001 साली, 'मील्स ऑन व्हील्स'चे शिजवलेले जेवण ज्यांच्या घरी पोचत असे, अशा घराबाहेर न पडू शकणाऱ्या वृद्धांना आसपासच्या शेतांतील भाजीफळांची टोपली दर पंधरवड्याला, पाच महिने, दारापर्यंत पोचवण्यात आली. पुढे हिशेब मांडला, तेव्हा टोपली घेणाऱ्यांच्या रोजच्या खाण्यात भाजीफळांची सुमारे एक वाढणी अधिक पडल्याचे आढळले. एक वाढणी म्हणजे वाटीभर भाजी किंवा एखादे फळ. ऐकायला ती क्षुल्लक वाटेल. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 400 ग्रॅम भाजीफळे सांगितली आहेत, त्यातला हा चांगला पाचवा हिस्सा होतो. मेन राज्यात आणखी निराळी रीत आहे: तेथे वृद्ध व्यक्ती एखाद्या शेतकऱ्याकडेच आपले नाव नोंदवते आणि तो हंगामभर ठरलेल्या रकमेची भाजी देतो. यात गिऱ्हाइकाला शेतकऱ्याचे नाव ठाऊक असते आणि शेतकऱ्याला गिऱ्हाइकाची आवड. आमच्या मावशीच्या भाजीवालीला हे शहाणपण कोणत्याही कायद्यावाचून होते.

आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. महाराष्ट्र सरकारने 2016 साली फळे व भाज्या बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केल्या. पणन मंडळाच्या आश्रयाने शहरांत शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरू लागले. आणि ज्येष्ठ नागरिक संघ तर जवळजवळ प्रत्येक उपनगरात आहे. संघाच्या विरंगुळा केंद्राच्या ओसरीवर आठवड्यातून एक सकाळ शेतकऱ्याची गाडी उभी करायला फार मोठा फंड लागत नाही. लागते ती थोडी बारीक नजर: बसायला खुर्ची हवी, भाव ठळक अक्षरांत लिहिलेले हवेत, आणि मुख्य म्हणजे अर्धा पाव भेंडी मागितली तर तोंड वाकडे न करणारा माणूस तागडीपाशी हवा. जे ओसरीपर्यंतही येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी सोसायटीतल्या कुणी तरी पिशवी वर नेऊन द्यावी लागेल, आणि योजना नेमकी येथेच अडते. कारण शेतापासून शहरापर्यंतच्या वाहतुकीचा खर्च कुठल्या तरी तक्त्यात बसतो, तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंतचा कोठेच बसत नाही.

पिशवी वर पोचली, तरी मेथी निवडायची कुणी, आणि कापऱ्या हाताने दुधी सोलायचा कसा, हा प्रश्न उरतोच. तो शिजवलेल्या डब्याच्या प्रकरणात येईल, पुढील आठवड्यात.