दोन वखारी

'थंय जाव नको गो, जनावर आसा.' मे महिन्यात वेंगुर्ल्याला आजोळी गेलो की पहिल्याच दिवशी आजीची ही ताकीद ठरलेली. 'थंय' म्हणजे डच वखारीत आणि 'जनावर' म्हणजे साप. आम्ही मुले अर्थातच जात असू. साप कधी दिसला नाही. दिसायच्या त्या जांभ्या दगडाच्या उंच भिंती, वर छपराऐवजी आभाळ आणि भिंतीत पाय रोवून वाढलेली झाडे. १६३७च्या सुमारास डच व्यापारी येथे आले, गोव्याच्या पोर्तुगीजांवर येथून नजर ठेवीत, एवढेच पुढे कधीतरी वाचले. आमच्या लेखी ती लपंडावाची जागा होती.

हे सारे विसरायला झाले होते. आठवले ते थेट श्रीलंकेत.

सहलीची बस गॉलला थांबली आणि बरोबरची पुरुषमंडळी धावली ती क्रिकेटच्या मैदानाकडे. आम्ही दोघी-तिघी किल्ल्याच्या जुन्या दरवाजापाशी गेलो. बाहेरच्या अंगाला ब्रिटिशांचे राजचिन्ह. आत शिरून मागे वळून पाहावे तर डच ईस्ट इंडिया कंपनीची मुद्रा, कोंबडा आणि १६६९ हे साल. मालक बदलला तशी पाटी बदलली, तीही एकाच बाजूची! मग ध्यानात आले की, हा दरवाजा नुसता तटातला नव्हे. एका लांबच लांब इमारतीच्या पोटातून ही वाट गेली आहे. जाड भिंती, बंदराकडे तोंड. माझ्या तोंडून निघून गेले, 'अगबाई, ही तर वखार!'

वखारच ती. मार्च १६४०मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून गॉल घेतले आणि पुढे दालचिनी, इतर मसाले, जहाजांचे दोरखंड व सामान ठेवायला हे मोठे गोदाम उभे राहिले. गॉलचे बंदर दिसायला देखणे, पण खडकांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलंबोला धक्का बांधला गेला आणि जहाजे तिकडे वळली. मला वाटते, गॉल वाचले ते या पीछेहाटीमुळेच. भरभराट टिकली असती तर ही जुनी गोदामे पाडून नवी बांधायला कोणी मागेपुढे पाहिले नसते. १९८८मध्ये गॉलचे जुने शहर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले आणि १९९२मध्ये या वखारीत सागरी संग्रहालय सुरू झाले.

इथवरची कथा कोणत्याही संग्रहालयाची असते. पुढची नाही.

२ जुलै १६५९ रोजी याच बंदरात 'आव्होंडस्टर' नावाचे डच जहाज नांगरावरून सुटून बुडाले. नावाचा अर्थ सांजतारा. मूळचे ते इंग्रजांचे. डचांनी पकडून त्याचे नव्याने बारसे केलेले. त्यात भरली होती सुपारी, नागपट्टणला जाणारी. कोकणातल्या माणसाला हे वाचून जरा थांबायला होते! १९९३मध्ये त्याचे अवशेष किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर सापडले आणि २००१पासून श्रीलंकेच्या व परदेशच्या पाणबुड्या संशोधकांनी उत्खनन सुरू केले. अशा वस्तू वर काढणे हा सोपा भाग. साडेतीनशे वर्षे पाण्यात मुरलेले लाकूड वा कातडे उन्हात ठेवले तर आक्रसते, तडकते. आधी महिनोन् महिने गोड्या पाण्यात ठेवून त्यातले मीठ काढायचे, मग मेणासारखे रसायन हळूहळू आत मुरवायचे. लोणच्याइतकाच धीर लागतो म्हणा, फक्त वर्षांच्या हिशेबाने. हे काम बंदराच्या काठावरच्या प्रयोगशाळेत चालले होते.

२६ डिसेंबर २००४. रविवार, पौर्णिमा, आपल्याकडे त्या दिवशी दत्तजयंती होती. सकाळी सुनामीची लाट आली. गॉल शहरात हाहाकार झाला, माणसे शेकड्यांनी गेली. तटामुळे किल्ल्यातली वस्ती बरीचशी वाचली. पण प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली आणि जहाजातल्या कित्येक वस्तू वाहून गेल्या. वखारीतल्या संग्रहालयाचीही मोठी हानी झाली. समुद्राकडून मिनतवारीने मिळवलेले समुद्रानेच परत नेले.

माणसे मेलेली असताना सुपारीच्या जहाजाचे काय घेऊन बसायचे, असे कोणी म्हटले असते तर त्यात चूक काय होती? पण गॉलच्या लोकांनी हेही काम सोडले नाही. सापडेल ते गोळा केले. नेदरलँड्सने मदत दिली आणि २०१०मध्ये वखारीतले संग्रहालय पुन्हा उघडले. मी पाहिले ते हे दुसऱ्यांदा उभे राहिलेले. आत गारवा होता. शाळेची मुले शिस्तीत चालली होती आणि मधूनच बेशिस्तीत पळत होती.

समुद्रकाठची अशी इमारत एकदा दुरुस्त केली की झाले, असे नसते. खारी ओल भिंतीत चढतच राहते. वरून सिमेंट थापले तर ओल आत कोंडते, मिठाचे खडे धरतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर पडू देतो, स्वतः झिजतो आणि दगड राखतो. तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. आपल्याकडे दर दिवाळीआधी घराला चुना काढीत, ते केवळ शोभेसाठी नसावे.

परत आल्यावर वेंगुर्ल्याला गेले, मुद्दाम वखार पाहायला. छप्पर नाहीच, झाडे तेवढी वाढली आहेत. एका कोपऱ्यात पडलेल्या चिऱ्यांचा ढीग. सापाचे भय आता मलाच वाटले, म्हणून फार आत गेले नाही. घरी मामांना गॉलची सारी हकीकत सांगितली. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतली आणि विचारले,

'मगे आमच्या वखारीत काय ठेवतलंस?'

मला पटकन सुचेना. मामा उठले, माळ्यावर चढले (वय ऐंशीच्या पुढे!) आणि एक पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने येताना त्यांची ही सोबतीण. बोट बाहेर समुद्रात उभी राहायची आणि माणसे, सामान पडावातून बंदराला लागायचे. त्या उतरवण्यात एक कोपरा चेपला होता. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव आणि खाली 'वेंगुर्ले' अजून वाचता येत होते.

'ही ठेव,' मामा म्हणाले.