बोलण्याचा हक्क आणि ऐकण्याची सक्ती

सभा बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळची असो वा मुंबईच्या शिवाजी पार्कवरची, ध्वनिक्षेपक लागला की दोन हक्क समोरासमोर येतात. राज्यघटनेच्या १९व्या कलमाने वक्त्याला भाषणस्वातंत्र्य दिले आहे, तर २१व्या कलमातील जीविताच्या हक्कात शेजाऱ्याची शांतता सामावलेली आहे.

या वादावर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी सविस्तर निकाल दिला. सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की, बोलण्याचा हक्क असला तरी ध्वनिक्षेपकाने आवाज वाढवून तो इतरांवर लादण्याचा हक्क कोणालाही नाही. ऐकायचे की नाही, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य श्रोत्यालाही आहे.

प्रत्यक्ष मर्यादा ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल. डेसिबलचे गणित फसवे आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो बंद ठेवावा लागतो. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.

या तत्त्वाची कसोटी शिवाजी पार्कवर लागली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये या मैदानाला शांतता क्षेत्र ठरविले. त्याच वर्षी शिवसेनेच्या दसरा मेळाव्याला मात्र आवाजाच्या मर्यादेच्या अटीवर अनुमती दिली. म्हणजे भाषणावर बंदी नव्हती. बंधन होते ते आवाजाच्या पातळीवर. पुढे २०१७च्या दुरुस्तीने शांतता क्षेत्रासाठी राज्य सरकारची घोषणा आवश्यक केली.

धार्मिक स्थळांनाही हाच न्याय लागू होतो. ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. तक्रारदाराची ओळख उघड न करण्याचे निर्देशही त्या वेळी पोलिसांना देण्यात आले. शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करणे जेथे कठीण, त्या लहान गावांत हा दिलासा मोठा आहे.

धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. परवानगी देणारा अधिकारी सत्ताधाऱ्यांच्या सभेकडे कानाडोळा करील आणि विरोधकांच्या सभेत मात्र डेसिबल मोजील, तर आवाजाचा नियम मतावरचा नियम ठरेल. म्हणूनच मोजमाप यंत्राने व्हावे, वक्ता पाहून नव्हे.