कॅम्प ५ ला फायबर, गडचिरोलीला उपग्रह

उल्हासनगरच्या कॅम्प ५ ला उपग्रहाच्या इंटरनेटची फारशी गरज नाही. उपग्रहाची क्षमता त्याच्या टापूतल्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते, म्हणून दाट वस्तीत फायबरच सरस. गडचिरोलीच्या जंगलात मात्र केबल ओढणंच अवघड. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव हे जिल्हे आहेत. ही निवड मला रास्त वाटते. जुने भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर, स्टारलिंकचे साधारण ५५० वर. त्यामुळे संदेश झटपट पोहोचतो आणि दुर्गम पाड्यातल्या रुग्णाला डॉक्टरशी विनाअडथळा बोलता येतं.

पण इतक्या खालून पृथ्वी व्यापायची तर हजारो उपग्रह लागतात, आणि धोका तिथूनच सुरू होतो. आयुष्य संपल्यावर ते वातावरणात जळून जातात, मग काळजी कशाची, असं समर्थक म्हणतात. जळाल्यावरही अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म कण वरच्या हवेत उरतातच. शिवाय काम चालू असतानाचा उपद्रव वेगळा: या उपग्रहांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झदरम्यान नको त्या रेडिओलहरी गळतात, हे युरोपातल्या लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवलं. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण याच पट्ट्यातही आकाश ऐकते. म्हणून गळतीची मर्यादा परवान्यातच लेखी हवी.