५४ हजार लोकांची भाषा, तरी अल्बम जगभर! २०२४ मधल्या नॉर्डिक संगीताची गोष्ट

'गॉड ऑफ वॉर' हा गेम खेळला असेल किंवा 'द लास्ट किंगडम' ही सिरीज बघितली असेल, तर आयव्होरचा आवाज तुम्ही ऐकलाय. नाव माहीत नसेल, पण आवाज नक्की ऐकलाय. हातात मोठा डफासारखा ड्रम घेऊन घशातून खोल, घोगरा सूर काढणारी आणि दुसऱ्याच क्षणी एकदम वरच्या पट्टीत जाणारी एक बाई. तिचे व्हिडिओ अधूनमधून इन्स्टाग्रामवर फिरत असतात आणि खाली हमखास कमेंट असते, 'ही कोणती भाषा आहे?'

ती भाषा आहे फॅरोइज. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांची. तिथली लोकसंख्या साधारण ५४ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. जून २०२४ मध्ये आयव्होरने 'एन' नावाचा अल्बम काढला आणि तो जवळपास सगळा याच भाषेत गायला. गाणी लिहिली कवयित्री मारयून सीदेरबो केलनेस यांच्यासोबत. 'एन' या शब्दाचा अर्थ 'अजूनही'. त्या वर्षीच्या नॉर्डिक अल्बममधून एकच निवडायचा झाला तर हाच निवडावा लागेल. का, ते बघू. पण त्याआधी थोडी भूगोलाची उजळणी.

नॉर्डिक म्हणजे नेमकं कोण?

स्कँडिनेव्हिया आणि नॉर्डिक हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते एक नाहीत. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन हे स्कँडिनेव्हिया. त्यात फिनलंड आणि आइसलंड मिळवले, शिवाय फॅरो बेटं, ग्रीनलंड आणि ऑलंड हे स्वायत्त प्रदेश धरले की होतो नॉर्डिक पट्टा. सगळे मिळून तीन कोटींच्या आत माणसं.

एवढ्या लोकांमधून आबा, ब्योर्क, सिगुर रोस, रॉबिन अशी नावं आली. ब्रिटनी स्पिअर्सचं 'बेबी वन मोर टाइम' लिहिणारा मॅक्स मार्टिनही स्वीडिश. आणि तुम्ही गाणी ज्यावर ऐकता ते स्पॉटिफाय २००६ मध्ये स्टॉकहोममध्येच सुरू झालं. वर्षभरातल्या सर्वोत्तम नॉर्डिक अल्बमसाठी नॉर्डिक म्युझिक प्राइझ नावाचा पुरस्कारही आहे. २०१० च्या अल्बमपासून तो सुरू झाला आणि पहिला मान सिगुर रोसच्या योन्सीला 'गो' या अल्बमसाठी मिळाला. पुढे फर्स्ट एड किट, द नाइफ, रॉबिन यांनाही तो मिळाला. पुरस्कार एकच, त्यात पॉप, मेटल, जॅझ अशी वेगवेगळी दालनं नाहीत. सगळे एकाच रांगेत.

आता खरा प्रश्न

नॉर्डिक कलाकारांसमोर एक जुना पेच आहे. इंग्रजीत गायलं तर दारं उघडतात. आबाने १९७४ मध्ये युरोव्हिजन जिंकली ती 'वॉटर्लू' इंग्रजीत गाऊनच. आइसलंडची लॉवे इंग्रजीत जॅझच्या अंगाची गाणी गाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या 'बिविच्ड' अल्बमला ग्रॅमी मिळाला. स्वीडनची झारा लार्सन, नॉर्वेची गर्ल इन रेड यांचेही २०२४ मध्ये अल्बम आले, तेही इंग्रजीतच. त्यात चूक काहीच नाही. पण स्वतःच्या भाषेत गाणाऱ्याचं गणित मात्र अवघड होत चाललंय.

ते गणित असं. स्पॉटिफायवर तुमच्या वर्गणीचे पैसे थेट तुमच्या आवडत्या गायकाकडे जात नाहीत. सगळ्यांचे पैसे एका मोठ्या डब्यात जमा होतात आणि एकूण किती वेळा गाणी वाजली त्यात कुणाचा किती वाटा, त्या हिशेबाने वाटले जातात. समजा, फॅरो बेटांवरच्या एखाद्या आजी महिनाभर फक्त फॅरोइज गाणी ऐकतात. तरी त्यांच्या वर्गणीतला मोठा हिस्सा जगात सर्वात जास्त वाजणाऱ्या गाण्यांकडेच जातो. त्यात २०२४ पासून आणखी एक नियम आला. मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच्या हिशेबात धरायचं नाही. आयव्होरला याची झळ बसणार नाही, ती मोठी आहे. पण तिच्या गावातला १९ वर्षांचा पोरगा आपलं पहिलं गाणं फॅरोइजमध्ये टाकतो तेव्हा १,००० हा आकडा त्याच्यासाठी छोटा नसतो. त्याची भाषा समजणारी माणसंच मुळात फार थोडी आहेत.

म्हणून 'एन' महत्त्वाचा. तो भाषेच्या जतनासाठी काढलेला, कौतुकापुरता ऐकायचा अल्बम नाही. त्यात इलेक्ट्रॉनिक ठोके आहेत, मेटलच्या जवळ जाणारा अंधार आहे, आणि शब्द न कळताही पुढचं गाणं लावायला भाग पाडणारा आवाज आहे. तो बाजारात आणणारी सीझन ऑफ मिस्ट ही कंपनीही मेटल संगीतासाठी ओळखली जाते. शब्दांचा अर्थ शोधायला लोक नंतर जातात. आधी आवाज पकडतो.

कोपनहेगनची एक शाळा

२०२४ ची दुसरी मोठी गोष्ट डेन्मार्कची. जानेवारीत अॅस्ट्रिड सोन्नेचा 'ग्रेट डाउट' आला. ती व्हायोला वाजवते, म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठं आणि खर्जातलं वाद्य. आधी तिचं काम मुख्यतः वाद्यसंगीताचं होतं. या अल्बममध्ये तिचं स्वतःचं गाणं पुढे आलं, तेही जणू शेजारी बसून बोलतेय अशा आवाजात. फेब्रुवारीत एरिका दे कासियेचा 'स्टिल' आला. (याचाही अर्थ 'अजूनही'. योगायोग!) एरिकाचा जन्म पोर्तुगालचा, लहानपणीच ती डेन्मार्कला आली. नव्वदच्या दशकातल्या आर अँड बीचा धागा पकडून ती जवळपास कुजबुजत गाते. के-पॉपवाल्यांसाठी माहिती, न्यूजीन्सच्या 'सुपर शाय'च्या लेखनात तिचा हात आहे. एप्रिलमध्ये क्लॅरिसा कॉनेलीचा 'वर्ल्ड ऑफ वर्क' आला. जुन्या लोकगीतांच्या चाली आणि चर्चमधल्या सुरांची आठवण यावी असं काहीतरी.

तिघींच्या संगीतात फारसं साम्य नाही. पण तिघी कोपनहेगनच्या रिदमिक म्युझिक कॉन्झर्व्हेटरीच्या वर्तुळातून आलेल्या. ही सरकारी पैशावर चालणारी संस्था. डेन्मार्कच्या विद्यार्थ्यांना फी नाही, शिवाय शिकत असताना सरकारकडून दरमहा विद्यार्थीभत्ता मिळतो. म्हणजे दोन-तीन वर्षं चुकत चुकत स्वतःचा सूर शोधायची मुभा. नॉर्वेत तर प्रत्येक नगरपालिकेने मुलांसाठी कला-संगीताची शाळा उपलब्ध करून देणं कायद्याने बंधनकारक आहे. मॅक्स मार्टिननेही आपल्या यशाचं श्रेय स्वीडनमधल्या सार्वजनिक संगीतशिक्षणाला दिलेलं आहे. तिकडे थंडी असते, लोक घरात बसतात म्हणून चांगलं संगीत होतं, हे स्पष्टीकरण ऐकायला मजेदार आहे. पण थंडी सायबेरियातही असते.

आपला धागा

नॉर्डिक संगीत आपल्याला अगदीच परकं नाही. डिसेंबर १९८६ मध्ये ऑस्लोच्या रेनबो स्टुडिओत मुंबईचे झाकीर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, इंग्लंडचे जॉन मॅक्लॉफ्लिन आणि नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गारबारेक एकत्र बसले आणि 'मेकिंग म्युझिक' हा अल्बम झाला. ठुमरीसम्राज्ञी शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, तालवादक त्रिलोक गुर्टू यांनीही गारबारेक यांच्यासोबत वाजवलंय. गारबारेकचा सॅक्सोफोन ऐकताना मध्येच बासरीचा भास का होतो, हे 'मेकिंग म्युझिक' ऐकलं की समजतं.

आणखी काय ऐकाल?

नॉर्वेच्या ऑरोराचा 'व्हॉट हॅपन्ड टू द हार्ट?' हा जूनमध्ये आलेला अल्बम. 'फ्रोझन २'मध्ये एल्साला दुरून साद घालणारा आवाज हिचाच. आदिवासी नेत्यांनी पृथ्वीबद्दल लिहिलेल्या एका पत्रातून तिला या अल्बमची कल्पना सुचली. अल्बम लांब आहे, मधली एक-दोन गाणी गाळली असती तरी चाललं असतं.

आणि स्वीडनच्या ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट', नोव्हेंबरमधला. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, श्रीमंत घराण्यातला कर्ता पुरुष वारलाय, मुलं मृत्युपत्र ऐकायला जमलीत. पुढे जे होतं ते आपल्या कुठल्याही मराठी मालिकेला वर्षभर पुरेल. गाण्यांना नावंच नाहीत, कायद्याच्या कागदासारखे कलमांचे क्रमांक आहेत. बासरीवर जेथ्रो टलचे इयन अँडरसन. २००८ नंतर पहिल्यांदाच मिकाएल ओकरफेल्टने अल्बममध्ये पुन्हा गुरगुरता मेटल आवाज लावलाय, त्यामुळे जुने चाहते खूश आहेत. तुम्हाला तो आवाज झेपत नसेल, तर शेवटून सुरुवात करा. शेवटचं, नाव असलेलं एकमेव गाणं 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड' संथ आणि गुरगुर नसलेलं आहे. फक्त एवढं की, त्या घराण्याचं सगळ्यात मोठं गुपितही त्यातच फुटतं.