जागतिकीकरणाविरुद्धचा कौल : संडरलँडचा धडा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, वेअर नदीच्या मुखाशी संडरलँड हे शहर वसले आहे. जहाजबांधणी आणि कोळसा हे तेथील जनतेच्या उपजीविकेचे पिढ्यान्‌पिढ्यांचे साधन होते. परंतु जपान व दक्षिण कोरिया यांच्या स्पर्धेपुढे ब्रिटिश जहाजबांधणीचा टिकाव लागला नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील जहाजबांधणीचे कारखाने बंद पडले. १९९३ मध्ये कोळशाची खाणही बंद झाली. त्या जागी आज फुटबॉलचे क्रीडांगण उभे आहे.

जागतिकीकरणाने या शहराचे केवळ नुकसानच केले, असे मात्र नाही. १९८६ मध्ये येथे निस्सान या जपानी कंपनीच्या मोटारींचे उत्पादन सुरू झाले व हजारोंना रोजगार मिळाला. त्यांपैकी बहुतांश मोटारी परदेशी, मुख्यतः युरोपात, विकल्या जात. तरीही २३ जून २०१६ च्या सार्वमतात संडरलँडच्या ६१ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. लंडनमध्ये सुमारे ६० टक्के मते याच्या उलट पडली. देशभरात ५१.९ टक्के मते संघ सोडण्याच्या बाजूची होती. १९७५ च्या सार्वमतात याच ब्रिटनने ६७ टक्के मतांनी युरोपीय समुदायात राहणे पसंत केले होते.

कौलामागील कारणे

मुक्त व्यापारामुळे माल स्वस्त होतो व त्याचा थोडाथोडा लाभ साऱ्या देशाला मिळतो. हानी मात्र ठराविक गावांच्या वाट्याला येते. कारखाना बंद पडला की कामगारापाठोपाठ दुकानदाराचे उत्पन्न घटते आणि तरुण गाव सोडतात. यंत्रीकरण व शासकीय धोरणे हीदेखील या ऱ्हासाची कारणे होत; पण रोष परदेशी माल व परदेशी कामगार यांच्यावर ओढवला. २००४ नंतर पूर्व युरोपातून मोठ्या संख्येने कामगार ब्रिटनमध्ये आले. आपल्याविषयीचे निर्णय दूर ब्रुसेल्समध्ये होतात, ही भावनाही प्रबळ होती. त्याच वर्षी अमेरिकेत मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन या औद्योगिक राज्यांनी आयात मालाला विरोध करणाऱ्या डोनाल्ड ट्रम्प यांना कौल दिला.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला. परंतु बंद पडलेले कारखाने त्यामुळे सुरू झाले नाहीत. व्यापाराचा लाभ देशाच्या सरासरीत मोजताना ज्या गावाचा व्यवसाय बुडतो, त्याच्या पुनर्वसनाची तरतूद वेळीच व्हावयास हवी. ती न झाल्यास त्याची किंमत अखेर साऱ्या राष्ट्राला मोजावी लागते, हाच संडरलँडचा धडा होय.